उचलून आणलेलं घर आणि नव्यानं उभारलेलं घर

कोल्हापुरात पाहुण्यांना जुनं गाव दाखवायचं म्हटलं की गाडी कणेरी मठाकडेच वळते. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून गोकुळ शिरगावच्या बाजूनं आत गेलं की सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय येतं. बारा बलुतेदार, शेतकरी, त्यांची घरं, जनावरं. सगळं माणसाच्या मापाच्या सिमेंटच्या पुतळ्यांत. इथला माणूस चेन्नईजवळचं दक्षिणचित्र हे जुन्या घरांचं संग्रहालय बघून आला की सांगतो, "आपल्या कणेरीसारखंच आहे." दिसायला तसं वाटतं खरं, पण कणेरीचं गाव नव्यानं घडवलेलं आहे. दक्षिणचित्रमधली अनेक घरं मूळ गावात उतरवून, वाहून आणून पुन्हा जोडलेली आहेत. स्वीडनमधल्या स्टॉकहोमचं स्कॅनसेन हे उघड्यावरचं संग्रहालय १८९१ साली सुरू झालं, तेही घरं हलवूनच.

फरक कळला की काय बघायचं तेही बदलतं.

घर हलवताना आधी मोजमापं आणि फोटो घेतात, प्रत्येक लाकडाला क्रमांक देतात. मग कौलं, रिपा, वासे, आढं, तुळया, खांब अशा क्रमानं वरून खाली उतरवतात. नव्या जागी जोतं आधी, मग खांब, मग वर. मातीची भिंत मात्र हलत नाही. ती पाडावीच लागते, फार तर तीच माती पुन्हा भिजवून वापरता येते. म्हणून हलवलेल्या मातीच्या घरातही भिंत नवीच असते. खरा पुरावा लाकडात आणि घडीव दगडात.

एक खांब जवळून बघा. वाकसानं, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्यारानं, तासलेल्या लाकडावर आखूड, उथळ, थोडे वेडेवाकडे घाव दिसतात. यंत्रावर कापलेल्यावर एकसारख्या रेघा. कुठे रिकामी खाच दिसली, म्हणजे जिच्यात आता काहीच बसलेलं नाही अशी, तर तिथे पूर्वी दुसरं लाकूड होतं. घर मूळ जागीच कधीतरी वाढवलं असेल, किंवा तो खांब आणखी जुन्या घरातून आला असेल. उंबरा मधोमध झिजलाय का, चुलीवरच्या वाशांना काजळी आहे का, तेही बघावं. आम्हाला अशा घरात सर्वांत बोलका वाटतो तो उंबराच.

कणेरीत हे शोधत बसू नये. सिमेंटच्या भिंतीवरून पांढऱ्या मातीची भिंत किती जाड असायची किंवा भेंडे, म्हणजे मातीचे ठोकळे, कसे रचायचे, हे कळणार नाही. तिथे बघायचं ते काम: लोहाराकडे भाता कोण ओढतंय, घण कोण मारतंय, सोप्यात कोण बसलंय आणि माजघरात कोण. रिकाम्या घरातून हे कधीच उमगत नाही, आणि हलवलेली घरं बहुधा रिकामीच असतात. मुलांना आधी कणेरी दाखवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भोपाळचं मानव संग्रहालय या दोन्हींत बसत नाही. तिथली आदिवासी घरं त्या-त्या समाजाच्या लोकांनीच येऊन, आपल्या पद्धतीनं बांधली. घर नवं, हात मात्र तेच.

काळ ओळखायला कौल उपयोगी पडतं. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५चा. त्याआधीचं म्हणून दाखवलेल्या घरावर ती असतील तर छप्पर नंतरचं. त्याआधी नळीची गावठी कौलं; ती मांजर-माकडांनी सरकतात, म्हणून दर वर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा नीट बसवणं, ठरलेली. गरिबाच्या घरावर उसाचा पाला किंवा गवत.

नव्यानं उभारलेलं घर बघून लोक एक घातक गोष्ट उचलतात: गावाकडच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. जोत्यातून चढलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, आतली माती मऊ होते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, सोबत माती घेऊन. मातीला मातीचाच गिलावा आणि शेणाचं सारवण. पावसाच्या बाजूला पाल्याची ताटी बांधावी, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब काढावं.

गावातलं घर उतरवायचंच असेल तर लाकूड व्यापाऱ्याला दाखवण्याआधी प्रत्येक तुळई-खांबाला पत्र्याचा क्रमांक ठोका. खडूचा आकडा पहिल्या सरीत जातो. क्रमांक नेहमी एकाच बाजूला, उदाहरणार्थ पूर्वेकडे असावा, म्हणजे जोडताना खांब उलटा-सुलटा होत नाही. खुंट्या आणि पाचरी त्या-त्या सांध्याच्या वेगळ्या पिशवीत ठेवा. एकाची पाचर दुसऱ्याला घट्ट बसत नाही.