वृद्धांचं डायलिसिस: ४५च्या अटीपासून ऐंशीपुढच्या रुग्णांपर्यंत

डायलिसिसने वाचवलेली पहिली रुग्ण ६७ वर्षांची होती. नेदरलँड्समधल्या कांपेन गावी डॉ. विलेम कॉल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपाला सॉसेजवर चढवतात ती सेलोफेनची नळी गुंडाळून यंत्र तयार केलं होतं. १९४३पासून त्यावर घेतलेले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५मध्ये ही बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षं जगली. तिच्या किडन्या तात्पुरत्या बंद पडल्या होत्या, यंत्राने तेवढे दिवस निभावून नेले.

किडनी कायमची गेली तर आठवड्यातून अनेकदा सुई लावायची, त्यासाठी दरवेळी नवी शीर आणायची कुठून? १९६०मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातच ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि ही अडचण सुटली. यंत्रं मात्र मोजकी. जागा कुणाला द्यायची हे तिथे नागरिकांची एक समिती ठरवी, पण ४५च्या पुढच्यांना डॉक्टर आधीच वगळत. जी सोय एका म्हातारीला वाचवून सिद्ध झाली, तिच्या दारातूनच म्हातारे परत पाठवले जात होते. ही गोष्ट मला अजून टोचते.

१९७२च्या कायद्याने अमेरिकेत खर्च सरकारने उचलला आणि वयाची अट गळून पडली. तिथे ऐंशी ओलांडून डायलिसिस सुरू करणारे १९९६मध्ये सुमारे ७,००० होते, २००३मध्ये साडेतेरा हजारांवर गेले. त्यांतले ४६ टक्के वर्षभरात वारले. २००९मध्ये तिथल्या नर्सिंग होममधल्या, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या निवासी केंद्रांतल्या, डायलिसिस सुरू केलेल्या ३,७०२ रुग्णांचा अभ्यास आला. सुरुवातीपासून वर्षभरात ५८ टक्के गेले होते, आणि उठणं-बसणं, कपडे घालणं पूर्वीइतकं जमत होतं फक्त १३ टक्क्यांना.

मोजणीतही एक मेख होती. बरेच अभ्यास डायलिसिस सुरू होऊन ९० दिवस झाल्यावर मोजायला सुरुवात करत. वृद्धांचे मृत्यू तर पहिल्या तीन महिन्यांतच जास्त, म्हणजे ते हिशेबातच येत नसत. घरच्यांना सांगितला जाणारा आकडा त्यामुळे खऱ्यापेक्षा बरा दिसे.

ब्रिटनमध्ये २००७ साली ७५च्या पुढच्या, डायलिसिस घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रुग्णांची तुलना झाली. डायलिसिस घेणारे एकंदरीत जास्त जगले, पण ज्यांना इतर आजारही बरेच होते, विशेषतः हृदयविकार, त्यांच्यात हा फायदा उरला नाही. त्यानंतर डायलिसिसशिवाय, औषधं आणि आहार सांभाळून, धाप, खाज, मळमळ आटोक्यात ठेवणारे उपचारही वृद्धांपुढे पर्याय म्हणून अधिक मांडले जाऊ लागले.