डाइमची कड बघा, मग पाठ

अमेरिकेत नव्याने गेलेल्या माणसाला डाइम हमखास गोंधळात टाकतं. दहा सेंटचं हे नाणं पाच सेंटच्या नाण्याहून लहान, आणि त्यावर 10 हा आकडा कुठेच नाही. नुसतं ‘वन डाइम’. ते इतकं चिमुकलं का, तर 1964 सालापर्यंत त्यात 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांबं असायचं. दहा सेंटांत चांदी मावणार तरी किती?

1965 च्या कायद्याने डाइममधली चांदी गेली. आता आत तांबं आणि दोन्ही तोंडांवर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पत्रा. म्हणून नाणं उभं धरून कड बघायची: तांबूस पट्टा दिसला तर नवं, सगळी कड पांढरी असेल तर चांदीचं. वजनातही फरक आहे. जुनं 2.5 ग्रॅम, नवं सुमारे 2.27.

चुंबकाच्या परीक्षेवर मात्र फार विसंबू नये. तिरप्या चुंबकावरून चांदी घसरताना तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि तिचा वेग मंदावतो, हे खरं. पण त्या काळी नाणं टाकून वस्तू देणारी यंत्रं याच गुणावर खरं-खोटं ठरवत. ती बाद होऊ नयेत म्हणून नव्या डाइमचे थर मुद्दामच चांदीच्या विद्युत गुणांशी जुळतील असे निवडले. यंत्राला जे फसवतं ते आपल्यालाही फसवणारच! चुंबकाने पकडली जाते ती लोखंडी नक्कल.

त्यापेक्षा आर्किमिडीज बरा. दहा जुनी नाणी दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत तोलली, तर 25 ग्रॅममधले साधारण 2.4 ग्रॅम कमी भरतात. म्हणजे घनता 10.3 च्या आसपास. नव्यांची 9 च्याही आत. हातोहाती फिरून झिजलेल्या नाण्याचं वजन घटतं, घनता घटत नाही.

धातूची किंमत काढणं सोपं: 2.25 ग्रॅम गुणिले चांदीचा आजचा भाव, झीज वजा. बहुतेक जुन्या डाइमची किंमत एवढ्यावरच थांबते. काळं पडलंय म्हणून चिंच किंवा दंतमंजन लावून घासायला मात्र जाऊ नका. तो काळेपणा हवेतल्या गंधकाने झालेला सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा असतो. घासताना पडलेले बारीक ओरखडे संग्राहकाला तिरप्या उजेडात लगेच दिसतात, आणि भाव पडतो.

खरा पैसा असतो तो एका अक्षरात. 1916 ते 1945 च्या डाइमवर पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता आहे. लोक तिला रोमन देव मर्क्युरी समजले आणि नाणं ‘मर्क्युरी डाइम’ झालं. 1916 मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने ही नाणी 2 कोटी 20 लाखांहून अधिक पाडली, डेन्व्हरने फक्त 2 लाख 64 हजार. डेन्व्हरची खूण म्हणजे मागच्या बाजूला ‘वन’ या शब्दाशेजारचा इवलासा ‘डी’. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर तिथे काहीच नसतं. त्यामुळे साध्या नाण्यावर ‘डी’ चिकटवण्याचा उद्योग जुनाच आहे. चांदी खरी, वजन खरं, घनताही खरी. खोटं फक्त अक्षर. तिथे तराजू उपयोगाचा नाही. भिंग घेऊन अक्षराच्या मुळाशी जोडाची रेघ शोधावी लागते.