बद्धकोष्ठता, वरचे अन्न घेऊ लागलेल्या अर्भकांमधील

वरचे अन्न सुरू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत बाळाची शी घट्ट, कोरडी किंवा खड्यांसारखी होणे आणि ती करताना बाळाला दुखणे, अशी ही अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले 6 महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे 2 वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपानासोबत पूरक आहार द्यायचा असतो. आपल्याकडे उष्टावणही बहुधा याच सुमारास होते. बहुतेक बाळांत या बद्धकोष्ठतेमागे आजार नसतो. ताटात काय आणि किती पातळ वाढले जाते, त्यावरच ती बरीचशी अवलंबून असते आणि तिथेच ती सुधारते.

घरात पहिली चौकशी ‘आज शी केली का?’ अशी होते. खरे तर ‘कशी केली?’ हे विचारायला हवे. केवळ आईच्या दुधावरचे बाळ पहिला महिना-दीड महिना उलटल्यावर कधी दिवसातून अनेकदा शी करते, तर कधी आठवडाभर करत नाही. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल आणि शेवटी झालेली शी मऊ असेल, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. अन्न सुरू झाल्यावर शीचा रंग, वास आणि दाटपणा बदलतो, गाजराचा किंवा पालकाचा तुकडा जसाच्या तसा बाहेर येतो. यात काही बिघडलेले नसते. पोटाच्या अशा तक्रारी ओळखण्यासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या 2016 च्या ‘रोम-4’ निकषांत 4 वर्षांखालील मुलांसाठी आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शौच होणे, शी रोखून धरणे, शी कडक किंवा वेदनादायक असणे, ती आकाराने मोठी असणे आणि गुदाशयात मोठा गोळा साठलेला असणे ही लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान दोन महिनाभर असली की कार्यात्मक, म्हणजे मागे कोणताही आजार नसलेली, बद्धकोष्ठता ठरते. अर्थात उपायासाठी महिनाभर थांबायचे कारण नाही.

याच निकषांत आणखी एक अवस्था वेगळी नोंदवली आहे. 9 महिन्यांच्या आतले निरोगी बाळ दहा-दहा मिनिटे कुंथते, लालबुंद होऊन रडते आणि मग मऊ शी करते. पोटावर जोर देणे आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडणे, हा मेळ त्याला अजून जमलेला नसतो. याला उपचार लागत नाही.

मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम पाणी शोषून घेण्याचे. आईच्या दुधात पाणी भरपूर आणि न पचणाऱ्या काही शर्करा असतात, म्हणून त्यावरची शी सैल राहते. अन्न सुरू झाले की दूध हळूहळू कमी होते, पिष्टमय पदार्थ वाढतात, आणि तंतू व पाणी त्या मानाने वाढले नाहीत तर मळ आतड्यात रेंगाळून कोरडा होतो. कडक शीने गुदद्वाराला बारीक चीर पडते. शीवर लालभडक रक्ताची रेघ दिसते ती बहुधा याचीच. एकदा दुखले की बाळ पाय ताठ करून शी रोखते, रोखलेली शी आणखी वाळते आणि पुढच्या वेळी जास्त दुखते. हे चक्र लवकर तोडणे फार महत्त्वाचे आहे, कारण ते लांबले तर शी रोखण्याची सवय मोठेपणीही टिकते.

मराठी घरांतल्या पहिल्या अन्नाकडे या दृष्टीने पाहिले तर काही गोष्टी लक्षात येतात. भाताची पेज आणि वरणाचे वरवरचे पाणी यांत तंतू जवळजवळ नसतात आणि पोषणही तुटपुंजे असते. नाचणीचे सत्त्व करताना भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळली जाते. कोंड्याबरोबर तंतूंचा मोठा भाग तिथेच उरतो, त्यामुळे नुसत्या सत्त्वावर ठेवलेल्या बाळाची शी घट्ट झाली तर नाचणीला दोष देऊ नये. मोड आणून दळलेल्या नाचणीची खीर त्याहून बरी. दुधात बुडवलेली मैद्याची बिस्किटे, साबुदाण्याची खीर आणि अर्धवट पिकलेले केळे वारंवार दिल्यास त्रास वाढू शकतो. वर्षाच्या आत गायी-म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून बाटलीने पाजणे हेही मोठे कारण ठरते. डब्याचे दूध असेल तर डब्यावर लिहिलेल्या पाण्याला तितकीच सपाट मापे घालावीत. ‘बाळ भरेल’ म्हणून जास्त पावडर घातली की शी हमखास घट्ट होते.

म्हणून अन्न बंद न करता त्याची घडण बदलावी. मूगडाळीची मऊ खिचडी वाटून किंवा कुस्करून द्यावी, पण गाळू नये. तिच्यात दुधी, लाल भोपळा, पालक शिजवून घालावा. चमचाभर तूप चव आणि ऊर्जा देते, मात्र त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. फळांत पिकलेली पपई, नासपती, पीच आणि आलुबुखार उपयोगी पडतात. सुकवलेल्या आलुबुखारात, म्हणजे प्रूनमध्ये, सॉर्बिटॉल नावाची शर्करा भरपूर असते. ती पूर्ण शोषली जात नाही आणि आतड्यात पाणी ओढून धरते. काळ्या मनुका रात्री भिजवून, बिया काढून, गुळगुळीत वाटून गरासकट द्याव्यात. अख्खी मनुका किंवा अंजिराचा तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून तो नकोच. वर्षाच्या आत फळांचा रस एरवी देत नाहीत. बद्धकोष्ठतेसाठी नासपतीचा किंवा प्रूनचा थोडा रस डॉक्टर कधी सुचवतात. स्तनपान मागेल तेव्हा चालू ठेवावे आणि जेवणाबरोबर वाटीने किंवा पेल्याने उकळून गार केलेल्या पाण्याचे काही घोट पाजावेत. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका हात फिरवणे, पाय सायकलसारखे हलवणे, कोमट पाण्याची आंघोळ, याने बाळाला आराम पडतो.

घरगुती उपायांपैकी काही मात्र मनापासून सोडून द्यावेत असे आहेत. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून गुदद्वारात घालण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. साबणाने आतले नाजूक अस्तर जळजळते, देठाने इजा होऊ शकते, आणि दर वेळी बाहेरून चेतना मिळाली की बाळ स्वतःहून जोर करायला शिकत नाही. एरंडेल पाजू नये. वरून दिलेले कोणतेही तेल ठसक्यातून फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो. बाळगुटीत हरडा उगाळतात तो सारक म्हणूनच, पण सहाणेवर किती वेढे दिले यावर मात्रा बदलते आणि सहाणेची स्वच्छताही बेभरवशाची असते. ग्लिसरीनची बत्ती क्वचित आणि डॉक्टरांना विचारूनच वापरावी. औषध लागलेच तर वर्षाखालच्या बाळांना बहुधा लॅक्टुलोज हे शी मऊ करणारे औषध देतात.

6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोहाचे औषध दिले जाते. त्याने शी काळपट होते. हे रक्त नव्हे, आणि तेवढ्यावरून औषध थांबवू नये.

आजाराची शंका घ्यावी अशी लक्षणे थोडी आहेत, पण ती प्रत्येक आईवडिलांना माहीत असावीत. जन्मानंतर पहिली काळी शी 48 तासांत झाली नसेल, किंवा पहिल्या महिन्यापासूनच बद्धकोष्ठता असेल, तर मोठ्या आतड्यात चेतापेशी नसण्याचा जन्मजात विकार तपासावा लागतो. डॅनिश वैद्य हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये त्याचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यावर शस्त्रक्रियेने उपचार होतात. वजन न वाढणे आणि कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका असणे याही तपासून घेण्याच्या गोष्टी. थायरॉइडची कमतरता आणि गायीच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी ही आणखी दोन कारणे. हिरवी उलटी किंवा फुगून टणक झालेले पोट दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गुटीत किंवा बोटावर मध चाटवला गेला असेल, त्यानंतर शी अडली असेल आणि बाळाच्या पापण्या जड, रडणे क्षीण, दूध ओढणे मंद झाले असेल, तर तो अर्भकांतील बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा आजार, असू शकतो. त्याची सुरुवात बऱ्याचदा बद्धकोष्ठतेनेच होते. म्हणूनच वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात देऊ नये, आणि अशा बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे.