कुटुंब-परिषद (न्यूझीलंड)

कुटुंब-परिषद : मुलाची सुरक्षितता धोक्यात आली असता, किंवा अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला असता, पुढे काय करायचे हे मुलाच्या विस्तारित कुटुंबाने एकत्र बसून ठरवण्याची न्यूझीलंडमधील कायदेशीर बैठक. मुले, तरुण व्यक्ती व त्यांची कुटुंबे यांविषयीच्या १९८९ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली (अंमल : १ नोव्हेंबर १९८९). माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) समाजात काम करू इच्छिणाऱ्या समाजकार्यकर्त्याची खरी कसोटी या बैठकीत लागते.

पार्श्वभूमी : माओरी समाजात मूल केवळ आईबापांचे नसते, ते फानाऊचे (विस्तारित कुटुंब), हापूचे (उपकुळी) आणि इवीचे (जमात) असते. फांगाई या रूढीनुसार मूल आजी-आजोबांकडे किंवा अन्य नातलगांकडे वाढते आणि आपली वंशावळ त्याला ठाऊक असते. १९५५ च्या दत्तक कायद्याने या रूढीला मान्यता दिली नाही. सरकारी समाजकल्याण खात्याने असंख्य माओरी मुले संस्थांत आणि पाकेहा (युरोपीय वंशाच्या) घरांत ठेवली. त्याविरुद्धच्या रोषातून तूहोए जमातीचे जाणते नेते जॉन रांगिहाउ (१९१९–८७) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने ठिकठिकाणच्या मराएंवर (सामुदायिक सभास्थाने) जाऊन लोकांचे म्हणणे ऐकले. ‘पुआओ-ते-अता-तू’ या तिच्या अहवालात १३ शिफारशी असून, खात्याच्या रचनेतच वंशभेद मुरला असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अहवालाचे वर्ष कुठे १९८६, तर कुठे १९८८ असे आढळते : तो सादर झाला १९८६ मध्ये आणि प्रचलित छापील आवृत्ती १९८८ ची आहे. ती निघाली तेव्हा रांगिहाउ हयात नव्हते.

उगमाविषयीचा वाद : परिषद ही माओरींच्या पारंपरिक हुईची (सभा) कायदेशीर आवृत्ती होय, असे परदेशी लेखनात सर्रास आढळते. गॅब्रिएल मॅक्सवेल व अ‍ॅलिसन मॉरिस या अभ्यासकांनी अधिक जपून लिहिले आहे. त्यांच्या मांडणीनुसार परिषदेवर माओरी पद्धतीचा ठसा असला, तरी ती त्या पद्धतीची पुनःस्थापना नव्हे. माओरी गुन्हेशास्त्रज्ञ जुआन ताउरी यांची टीका याहून कडक आहे : राज्यसंस्थेने माओरी विधींमधले सोयीचे तेवढे उचलले आणि अधिकार स्वतःकडेच ठेवला. कुटुंबाला उपचाराचा भागीदार मानणारा कुटुंबोपचारातील विचार आणि मुलांना संस्थांबाहेर ठेवण्याकडे असलेला तत्कालीन कल हेही कायद्यामागे होते. त्यामुळे एकाच मुळाचा आग्रह टिकत नाही. मात्र कायद्याचा मजकूर पाहता ताउरींच्या आक्षेपात तथ्य दिसते. परिषद बोलावतो तो समन्वयक सरकारी असतो. मुलाच्या संरक्षणाच्या प्रकरणात कुटुंबाच्या निर्णयाला अधिकाऱ्यांची संमती लागते आणि एकमत न झाल्यास प्रकरण कुटुंब न्यायालयात जाऊ शकते. पारंपरिक हुईत अंतिम शब्द बाहेरच्याचा नसतो.

कार्यपद्धती : कुटुंबाची इच्छा असल्यास आरंभी काराकिया (प्रार्थना) होते. मग परिचय, अधिकाऱ्यांकडून माहिती आणि त्यानंतर कुटुंबाची खासगी चर्चा. या वेळी अधिकारी खोलीबाहेर जातात. हा टप्पा परिषदेचा गाभा आहे आणि घाईत तोच सर्वांत आधी आक्रसतो. गुन्ह्याच्या प्रकरणात पीडित व्यक्ती आणि पोलीसही सहभागी होतात.

प्रशिक्षण : माओरींसोबत काम करण्याची क्षमता ही समाजकार्यकर्त्याच्या नोंदणीची अट आहे, २०२१ पासून नोंदणीही सक्तीची आहे. विद्यार्थी आपला पेपेहा, म्हणजे डोंगर, नदी व पूर्वज सांगून करायचा परिचय, शिकतात. मराएवर मुक्काम करतात. मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात मांडलेले, शरीर, मन, आत्मिक बाजू आणि कुटुंब या चार भिंतींच्या घराचे आरोग्यप्रारूपही अभ्यासक्रमांत असते. हे आवश्यकच आहे. पण विधी अचूक पार पाडणारा कार्यकर्ता आधीच ठरवलेला निर्णय घेऊन आला, तर कुटुंबाच्या हाती काही उरत नाही. म्हणून परिषदेपूर्वीची तयारी मोलाची : कोणत्या बाजूचे नातलग बोलवायचे राहिले, कोणत्या काउमातुआंचा (ज्येष्ठ) शब्द मानला जातो, बैठक कार्यालयात घ्यावी की मराएवर, हे कुटुंबालाच विचारावे लागते.

नंतरचे बदल : २०१७ मध्ये कायद्याला ‘ओरांगा तामारिकी’ (मुलांचे कल्याण) हे नाव मिळाले. २०१९ मध्ये हॉक्स बे येथे नवजात माओरी बालक आईपासून काढून घेण्याच्या प्रयत्नाने देशभर संताप उसळला. वाईतांगी न्यायाधिकरणाने (वाईतांगी कराराच्या भंगाविषयी माओरींच्या तक्रारी तपासणारे मंडळ) २०२१ च्या अहवालात संरक्षणव्यवस्थेवर कठोर टीका केली. ब्रिटिश राजसत्ता व माओरी प्रमुख यांच्यातील वाईतांगी कराराशी (१८४०) खात्याला बांधून घेणारे कलम ‘७ एए’ २०१९ मध्ये लागू झाले आणि २०२५ मध्ये रद्द झाले.

प्रसार : १९९० च्या दशकात ही पद्धत ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा व अमेरिकेत, पुढे नेदरलँड्समध्येही रूपांतरित होऊन पोहोचली.