एका दिवसापुरता कापलेला कागद : मराठवाड्यातल्या कातरकामाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात कागद बनतो त्याला सातशे वर्षं होत आली. कागद कातरून सजावट करायची रीतही इथं घरोघर आहे. तरीही कातरकामाचं प्रदर्शन किंवा कागदाची मांडणी म्हटलं की आपल्याकडे लोकांना ती मुंबई-पुण्याहून, नाहीतर थेट परदेशातून आलेली गोष्ट वाटते. मला याचं कारण साधं दिसतं. इथं कापलेला कागद कुणी जपून ठेवलाच नाही. मोहरमचे ताबूत थंडे म्हणजे विसर्जित झाले, पताका पावसात विरघळल्या, आकाशकंदील तुळशीच्या लग्नानंतर उतरला, बाशिंग माळ्यावर पडून झडलं. ज्या कलेच्या वस्तूच मागे उरत नाहीत, तिचा इतिहास सांगताना कागद, हत्यार आणि सण या तीन बाजूंनीच जावं लागतं.

कागदापासूनच सुरुवात करू. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं दौलताबाद केलं. त्या लोंढ्यात कागद करणारे कारागीरही आले, अशी परंपरा आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारं कागजीपुरा हे त्यांचं गाव. राजधानी काही वर्षांत दिल्लीला परत गेली, कागजी मात्र इथंच राहिले. दरबार असो वा नसो, दफ्तराला कागद लागतोच. पुढे मराठी दफ्तरांतही जुन्नरी कागदाच्या जोडीनं दौलताबादी कागद वापरात होता.

तो कागद व्हायचा चिंध्यांपासून. चिंध्या भिजवायच्या, ढेकीनं कुटायच्या, लगदा हौदात सोडायचा आणि गवताच्या काड्यांची छापरी त्यात बुडवून एकेक ताव उचलायचा. दाबून पाणी काढलं की ताव भिंतीवर वाळायला लावायचे, मग त्यांना खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचं. या शेवटच्या दोन पायऱ्या आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. सुती धागा लांब असतो. खळ न दिलेल्या, न घोटलेल्या जाड कागदात पातं फिरवलं तर ते धागे ओढत जातं आणि कडेला लव सुटते. खळ देऊन घोटलेला ताव कडक असतो, त्याची कड चाकूखाली स्वच्छ येते. म्हणजे बोरूची शाई पसरू नये म्हणून केलेली मेहनत कातरीच्याही कामी यावी. पण तो कागद महाग होता, कागदपत्रांसाठी आणि पोथ्यांसाठी होता. पताका करायला तो कोण फाडणार? कागद करणारं गाव आणि कागद कातरणारे हात एकाच मुलखात असूनही त्यांची गाठ फारशी पडली नाही, असं माझं मत आहे.

कातरण्याची कला मुळात कागदाच्याच वाटेनं फिरली. चीनमध्ये इसवी सन १०५ च्या सुमारास त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्यानं कागद करण्याची सुधारलेली पद्धत बादशहापुढे मांडली. पश्चिम चीनमधल्या तुर्फानच्या कोरड्या वाळवंटात सापडलेले कागदी कातरकामाचे नमुने सहाव्या शतकातले आहेत. तिथं ते टिकले ते केवळ हवेमुळे. पुढे पंधराव्या शतकात आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये सुलेखनाची अक्षरं कागदातून कापून दुसऱ्या कागदावर चिकटवण्याचं काम भरभराटीला आलं, आणि इराणी-तुर्की कलेबरोबर ती आवड दख्खनच्या सुलतानांपर्यंत पोचली. विजापुरात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात अब्रीच्या, म्हणजे रंगांच्या लाटा उमटवलेल्या कागदावर चित्रं झाली. चित्रातल्या आकाराचा कागदी छाप कापायचा, बाकीचा भाग झाकायचा आणि उघड्या जागेत रंगाच्या लाटा उतरवायच्या. हाडं निघालेला घोडा, त्याच्या अंगात संगमरवरासारखी रंगांची वळणं, अशी ही चित्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. ती विजापूरची, मग त्यांचा मराठवाड्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. तर नळदुर्गचा पाणीमहाल बांधून घेणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा हा विजापूरचाच सुलतान. १६१३ चा पाणीमहाल आणि ही चित्रकला एकाच दरबाराच्या छायेतली.

भोक पाडलेला कागद दुसऱ्या कामासाठी वापरायचा, ही रीत कारागिरांत तर सर्रास होती. जरीकाम करणारा नक्षी कागदावर काढून सुईनं टोचतो, तो खाका कापडावर ठेवतो आणि भोकांतून पूड चोळून नक्षी उतरवतो. मथुरा-वृंदावनच्या सांझीत कागदात कृष्णलीला कापून त्यातून जमिनीवर रंग गाळतात. दोन्हीकडे कापलेला कागद हे हत्यार आहे. काम झालं की तो बाजूला.

कापलेला कागद हीच वस्तू, आणि तीही माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, असं मराठवाड्यात बघायचं तर मोहरममध्ये. निजामाच्या राज्यात मोहरम गावोगावचा उत्सव होता. १९४८ मध्ये राज्य संपलं तरी सवारी आणि ताबूत राहिले, आणि त्यांना नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरंही राहिली. ताबूत म्हणजे इमाम हुसेन यांच्या करबल्यातल्या मकबऱ्याची प्रतिकृती. आधी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधतात, मजल्यावर मजला, वर घुमट. त्यावर पांढरा कागद, त्यावर रंगीत, आणि त्यावर जाळी. जाळीसाठी ताव घडीवर घडी घालून कातरीनं कापतात, किंवा बरेच ताव एकावर एक ठेवून बारीक छिन्नीनं भोकं पाडतात, म्हणजे एका ठोक्यात सगळ्या थरांवर तीच नक्षी उमटते. मध्ये बेगड, कुठं अभ्रकाचे तुकडे. आत दिवा लागला की जाळीची सावली भिंतीवर हलते.

आता प्रदर्शनाच्या दालनात ज्याला मांडणीशिल्प म्हणतात त्याची सगळी लक्षणं इथं आहेत. जागा ठरलेली, उजेड विचारपूर्वक दिलेला, बघणारा भोवती फिरणारा, काम अनेक हातांचं. फरक एवढाच की दहाव्या दिवशी ताबूत थंडा करायचा असतो. ही श्रद्धेची वस्तू आहे, तिला कलाकृती म्हणून दालनात उचलून आणू नये, असं मला वाटतं. पण तिच्यामागचं कसब हे कसबच आहे, आणि ते तसं मोजलं गेलं नाही.

बाशिंगाची गोष्ट थोडी वेगळी. पुठ्ठ्यावर रंगीत कागद, त्यावर बेगडीची कातरलेली फुलं आणि झिरमिळ्या. नवरदेवाच्या कपाळावर ते बांधतात तसंच पोळ्याला बैलाच्याही. श्रावण अमावस्येच्या आधी आठवडी बाजारात झुली, गोंडे, हिंगूळ आणि कागदी बाशिंगं एकाच पालाखाली मिळतात. ही कला निदान विकली तरी जाते. महालक्ष्म्यांच्या आराशीचं तसं नाही. भाद्रपदात तीन दिवस घरातल्या बायका क्रेप कागदाची फुलं, कातरलेल्या झालरी, पडदे असं जे उभं करतात त्याला ना कर्त्याचं नाव ना मोल. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ‘आरास छान झाली’ म्हटलं, संपलं.

या सगळ्याला लागणारा कागद कागजीपुऱ्याचा नव्हता. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावरच हे काम सामान्य घरांत पोचलं. १८८५ मध्ये पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल्स निघाली. निजामाच्या राज्यात १९३८ मध्ये सिरपूर पेपर मिल्स स्थापन झाली आणि तिच्याभोवती कागजनगर नावाचं शहर वसलं. एका टोकाला कागजीपुरा, दुसऱ्या टोकाला कागजनगर, राज्य एकच. हातकागदाला मग संस्थांचा आधार लागला. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून वर्ध्याला प्रयोग झाले, १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली. पण रंगीत कातरकामाचा राजा झाला तो पतंगाचा कागद. पातळ, हलका, दस्त्यानं मिळणारा, उजेड आरपार सोडणारा. आकाशकंदिलाच्या करंज्या त्याच्याच आणि पताकाही त्याच्याच. चौकोनी तुकडा कर्णात दुमडायचा, घडीत सुतळी घालायची, खळीचं बोट फिरवायचं, पुढचा तुकडा. चार पोरं बसली की तासाभरात गल्ली भरते.

शाळेत हेच कार्यानुभवाच्या तासाला आलं. घोटीव कागद, बोथट कातर, चार घड्या, आणि उलगडल्यावर फूल. या घडीमागचं गणित शिक्षक क्वचित समजावतात. कातरकामात आधी ठरवायचं असतं ते काय ठेवायचं. दोन भोकांमधला सांधा तुटला की मधला भाग गळून पडतो. अक्षरं कापताना तर हे लगेच कळतं. देवनागरीला शिरोरेखा आहे म्हणून अख्खा शब्द एकाच तुकड्यात कापता येतो, अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी रेघेला लोंबतात. अडचण अनुस्वाराची. ‘स्वागतं’ कापलं की टिंब हातात येतं आणि ते वेगळं चिकटवावं लागतं. नुक्त्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या वर-खाली येणाऱ्या टिंबांच्या बाबतीत उर्दू कापणाऱ्याची परीक्षा याहून मोठी. हेरातच्या कातिबांच्या म्हणजे सुलेखनकारांच्या कामाला लोक का थक्क व्हायचे, ते एकदा आपलं नाव कापून पाहिलं की समजतं.

मग थर्माकोल आला. गरम तारेनं कापता येतो, वजन नाही, जाडी असल्यामुळे लांबून उठून दिसतो. लग्नाच्या स्टेजवरची नावं, स्नेहसंमेलनाचे फलक, गणपतीचं मखर, सगळं थर्माकोलचं झालं आणि अनुस्वार टाचणीनं टोचला जाऊ लागला. त्यामागून फ्लेक्स आला आणि हातानं अक्षर कापायची गरजच संपली. गावोगावच्या पेंटरांवर आलेली वेळ सर्वांना दिसली, त्यांच्या शेजारी बसून अक्षरं कापणाऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

कागद परत आला तो सौंदर्यदृष्टीमुळे नाही, कायद्यामुळे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती सवलत द्यावी म्हणून थर्माकोलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. बाजारात पुठ्ठ्याची घडीची मखरं दिसू लागली. त्यातली बरीचशी डायनं पंच केलेली, म्हणजे कापणारा हात इथंही नाहीच. तरी जाळी, घडी, सावली हे शब्द पुन्हा सजावटीच्या बोलण्यात आले, हे खरं.

दालनातल्या कातरकामाचा धागा वेगळीकडून येतो. फ्रान्समध्ये चित्रकार मातीसनं १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर, उभं राहून रंगवणं अवघड झाल्यावर, रंगवलेले कागद कातरून मोठमोठी चित्रं रचली. शांतिनिकेतनातले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास गेली, त्यानंतर त्यांनी बोटांच्या अंदाजानं कागद कापून चित्रं केली. दोघांच्याही हातात कातर आली ती शरीरानं साथ सोडल्यावर, आणि दोघांनीही तिला तडजोड मानलं नाही. आपल्या कला महाविद्यालयांत विद्यार्थी ही नावं शिकतात. ताबुताची जाळी मात्र अभ्यासक्रमात नाही, ती मुलाला त्याच्या गल्लीतच भेटली तर भेटते.

हे काम मराठवाड्यात भिंतीवर टिकवायचं तर इथल्या हवेशी गाठ आहे. मे महिन्यात पारा बेचाळिशीत असतो, कागदातला ओलावा उडतो, कडा वळतात, चिकटवलेले सांधे सुटतात. त्यावर उपाय म्हणून हॉलमध्ये कूलर लावला की दमट झोतात लोंबणारा कागद संध्याकाळपर्यंत मान टाकतो. म्हणून छताला टांगायचं काम असेल तर कूलरचं तोंड कुठं आहे ते आधी बघावं, नक्षी नंतर ठरवावी. मैद्याच्या खळीला कसर लागते. बुकबाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद घालतात ते याचसाठी, पण ते विषारी असतं, मुलांच्या हाती द्यायचं नाही. पतंगाच्या कागदाचा रंग उजेडात भराभर उडतो, गुलाबी आणि जांभळा तर सगळ्यात आधी. चौकटीत बसवताना काच कागदाला टेकू द्यायची नाही, मागच्या पुठ्ठ्यापासूनही थोडं अंतर ठेवायचं. पोकळीत पडणारी सावली हा चित्राचा अर्धा भाग आहे, कागद सपाट चिकटवला की ती जाते.

लेझरबद्दल दोन शब्द. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे आता लेझरनं कापलेली जाळी सहज मिळते. कड जवळून बघितली तर फिकट तपकिरी, किंचित जळलेली दिसते, आणि प्रत्येक वळण एकाच जाडीचं असतं. हाताच्या कामात पातं वळणावर थांबून पुन्हा निघतं, तिथं बारीकसा कोन राहतो. लेझर वापरणं म्हणजे लबाडी असं मी मानत नाही, ताबुतावरची छिन्नीही एका ठोक्यात अनेक ताव कापायचीच. पण प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर कलाकाराचं नाव आणि किंमत लिहितो, त्याच ओळीत कागद कुठला आणि कापला कशानं हेही लिहायला हवं. कागजीपुऱ्याचा ताव घेतला असेल तर ते नक्कीच लिहावं. तिथला हातकागद आज पिशव्या, पत्रिका आणि चित्रकलेचे ताव म्हणून विकला जातो. कातरकामासाठी घ्यायचा तर दुकानात उभं राहूनच कड फाडून बघावी, आणि खळ दिलेला, घोटलेला ताव मागून घ्यावा.