फॉरमॅट मारण्याआधी

घरचा पीसी वरचेवर बंद पडायला लागला की टिळक रोडवरच्या दुकानात न्या किंवा सोसायटीतल्या एखाद्या हुशार पोराला बोलवा, सल्ला ठरलेला असतो: ‘काका, फॉरमॅट मारून घ्या.’ कधीकधी तो लागूही पडतो. पण फॉरमॅटमध्ये सगळ्यात आधी पुसला जातो तो पुरावा. आणि दोष रॅममध्ये किंवा एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) असेल, तर नवंकोरं विंडोजही आठवड्याभरात आडवं होतं.

पहिलं पाहायचं ते एवढंच, की मशीन चिठ्ठी ठेवून पडतंय की न ठेवता. स्क्रीन निळी (विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत काळी) होते तेव्हा विंडोज स्वतःहून थांबलेलं असतं. गाभ्यात काम करणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, मेमरीत नको तिथे हात घातला, की पुढे रेटण्यात डिस्कवरची माहिती बिघडायचा धोका असतो, म्हणून ते काम बंद करतं. जाताना एक कोड दाखवतं आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनीडंप’ नावाने मेमरीचा छोटा उतारा ठेवतं. आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय बंद केली, की कोडचा मोबाइलवर निवांत फोटो काढता येतो. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट आलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच निळे पडले. त्यांच्या हार्डवेअरला काहीही झालेलं नव्हतं.

दरवेळी कोड एकच आणि त्यात ड्रायव्हरही तोच दिसत असेल तर प्रकरण सोपं: तो ड्रायव्हर बदला. आज ब्राउझर, उद्या एक्सेल, परवा निळी स्क्रीन, आणि कोड दरवेळी वेगळा, असं असेल तर मात्र संशय रॅमवर. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी रॅमची एकेक पट्टी काढून पुन्हा तपासा. ‘कॉस्मिक किरणांमुळे बिट उलटला’, म्हणजे अवकाशातून आलेल्या किरणांनी मेमरीतल्या ० चा १ झाला, हे ऐकायला भारी वाटतं, पण गूगलच्या हजारो सर्व्हरांवरच्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांवर चुका आढळल्या आणि त्यांत मोठा वाटा चिपमधल्या कायमच्या दोषांचा होता. आपल्याकडे रॅमची सोनेरी टोकं खोडरबरने घासतात. त्याने फरक पडतोही, पण पुष्कळदा तो पट्टी काढून नीट बसवल्याचा असतो.

चिठ्ठी न ठेवता, प्लग ओढल्यासारखं मशीन गेलं, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. ती वाचून अनेक जण लगेच नवा एसएमपीएस आणतात. ती नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर लिहिलेली असते आणि ‘मागच्या वेळी रीतसर बंद झालो नव्हतो’ यापलीकडे ती काहीही सांगत नाही.

इथे संशयित दोन, वीज आणि उष्णता. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर पुरवठा तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आतले वीज साठवणारे कपॅसिटर जुने झाले की त्याहून कमी. वळवाच्या पावसाआधी दिवे नुसते मिचकावतात आणि पीसी जातो, तो यामुळे. मध्ये यूपीएस असूनही जात असेल तर पीसी काढून त्याच्यावर जुना १०० वॉटचा बल्ब लावा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब लगेच विझला तर बहुधा बॅटरी संपलेली आहे.

उष्णतेचा हिशेब सरळ आहे. एप्रिलमध्ये खोली १० अंशांनी तापली की आतले भागही जवळपास तेवढेच जास्त तापतात. बरेचसे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात, त्याने भागलं नाही तर बंद होतात. शेजारी रीडेव्हलपमेंट चालू असेल तर हीटसिंकवरचा (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरचा) पंखा उघडून बघाच. पात्यांना धूळ कमीच असते. खरा थर पंख्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या तोंडावर बसलेला असतो आणि चिमटीने धरला तर एकसंध निघतो.

बरं, दुरुस्त झालं हे ओळखायचं कसं? माझ्या मते खरी गोची इथे आहे. समजा पीसी सरासरी दोन दिवसांतून एकदा, पण अनियमितपणे पडतो. तुम्ही रॅम बदललीत आणि दोन दिवस सुखात गेले. दोष तसाच असतानाही निव्वळ नशिबाने असं होण्याची शक्यता ३७ टक्के असते! सहा दिवस शांततेत गेले तर ती ५ टक्क्यांवर येते. म्हणून सरासरी अंतराच्या तिप्पट थांबायचं, आणि तोवर दुसरं काही बदलायचं नाही. दुकानात तासभर चालवून ‘इथे तर चालतोय’ म्हणतात, त्यात लबाडी नसते. तासाभरात कळण्यासारखं काही नसतंच.

वाट पाहणं टाळायचं तर बिघाडाला घाई करायला लावायची. भर दुपारी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर पूर्ण भार टाकणारी चाचणी लावली आणि मशीन सरासरी तासाभरात पडू लागलं, तर पुढचा प्रत्येक निकाल तीन तासांत मिळतो. फक्त नुसतं बसून असतानाच पडणाऱ्या पीसीला ही युक्ती चालत नाही. तिथे वीजबचतीची सेटिंग्ज एकेक बंद करत जायचं, आणि दरवेळी तिप्पट थांबायचं.