उजेडाची पट्टी कुठे गेली?

एप्रिल 2010 मध्ये 'स्प्लिंटर सेल' या लपूनछपून खेळायच्या व्हिडिओ गेम मालिकेतला 'कनव्हिक्शन' आला, तेव्हा जुन्या खेळाडूंची नजर सवयीने पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली. तिथली उजेडाची पट्टी गायब होती. आपण पहारेकऱ्याला दिसतोय की नाही हे सांगणारी ती पट्टी म्हणजे या मालिकेची ओळख. 'कनव्हिक्शन'ने मालिका सोपी करून टाकली, अशी ओरड झाली.

पट्टीची ही कल्पना मूळची या मालिकेचीही नाही. 1998 च्या 'थीफ' या गेममध्ये पडद्याच्या तळाशी एक रत्न असायचं. अंधारात ते काळवंडायचं, उजेडात चमकायचं. युबीसॉफ्ट या गेम कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने नोव्हेंबर 2002 मध्ये पहिला 'स्प्लिंटर सेल' काढला आणि त्याच कल्पनेभोवती अख्खा गेम रचला. नायक सॅम फिशर, डोक्यावर तीन हिरव्या भिंगांचा चष्मा, आवाज मायकेल आयर्नसाइडचा. कॉम्प्युटरवर तर माउसचं चाक फिरवून चालीचा वेग ठरवायचा. बल्ब फोडायचे, बेशुद्ध माणूस खांद्यावर टाकून कोपऱ्यात लपवायचा, कुलूप चाचपडत उघडायचं. बऱ्याच मोहिमांत तिसऱ्यांदा भोंगा वाजला की खेळ खलास.

याच मालिकेतल्या 2005 च्या 'केऑस थिअरी'ने दुसरी पट्टी आणली, आवाजाची. तिच्यावर दोन खुणा: परिसरात किती गोंगाट आहे आणि आपण किती करतोय. आपला आवाज गोंगाटाच्या खाली राहिला की बिनधास्त चाला. लातूरच्या ट्यूशन एरियात शिकलेल्याला हे समजवावं लागत नाही. लाईट गेली, बाहेर जनरेटर धडधडायला लागला, की मागच्या बाकावरच्या गप्पा सरांपर्यंत पोचत नसत. जनरेटर अचानक बंद पडला की मात्र कुणीतरी सापडायचंच.

माझ्या मते मालिकेतला सर्वांत बारीक विणीचा गेम हाच. पण गंमत अशी, की तीन भोंग्यांची सक्तीही यानेच काढली. भोंगा वाजला तर पहारेकरी हेल्मेट आणि जाकीट चढवून तयार होत, मोहीम मात्र चालू राही. सोपं करण्याची सुरुवात इथूनच झाली. सगळं खापर 'कनव्हिक्शन'वर फोडणं बरोबर नाही.

आमच्याकडे तेव्हा हे गेम सायबर कॅफेत, तासाच्या बोलीवर खेळले जात. खरं राज्य होतं 'आयजीआय'चं. नॉर्वेतल्या स्टुडिओने 2000 साली काढलेल्या त्या गेममध्ये मोहीम अर्धी झाली असताना सेव्ह करायची सोयच नव्हती. तास संपला की सगळं पहिल्यापासून. 2003 च्या दुसऱ्या भागाने मोजकी सेव्ह दिली, तेव्हा कॅफेत हायसं वाटलं होतं. अशा जागी सॅम फिशरसारखं अंधारात दहा मिनिटं पहारेकऱ्याची फेरी मोजत बसणं परवडायचं नाही. "काय करूलालास रे? नुसतं बसायचं तर घरी बस की," असं मागचा नंबरवाला म्हणायचाच. त्याचं फार चुकत होतं असंही नाही.

'कनव्हिक्शन' पहिल्यांदा जाहीर झाला 2007 मध्ये. त्यातला सॅम केस-दाढी वाढवून गर्दीत मिसळायचा, हाताला लागेल ती खुर्ची-टेबल वापरायचा. त्याच वर्षी त्याच स्टुडिओचा 'असॅसिन्स क्रीड' आला आणि गर्दीत लपायची युक्ती तिथे आधीच दिसली. पुढे हा आराखडा बाजूला पडला, मॅक्सिम बेलांड यांच्या हाताखाली गेम नव्याने उभा राहिला आणि 2009 मध्ये लोकांसमोर आला. मधल्या काळात 'गिअर्स ऑफ वॉर' आणि 'मॉडर्न वॉरफेअर' या गेमनी खेळाडूंना आडोसा धरून धडाधड गोळ्या झाडायची सवय लावली होती.

नव्या सॅमला हाताने एक माणूस लोळवला की हक्क मिळायचा: पुढच्या दोन-चार जणांवर खूण करा, एक बटण दाबा, सगळे आडवे. शत्रूने आपल्याला शेवटचं जिथे पाहिलं तिथे आपली पांढुरकी आकृती उभी राहायची. शत्रू तिच्यावर गोळ्या झाडत असताना आपण मागून यायचं. ही युक्ती मला आजही आवडते, कारण शत्रू काय समजून चाललाय हे ती डोळ्यांना दाखवते. पण बेशुद्ध माणूस उचलणं गेलं, कुलूप चाचपडणं गेलं, न मारता पुढे सरकायचा मार्गही गेला. पट्टीऐवजी आपण लपलो की अख्ख्या पडद्याचा रंग उडायचा. लपायच्याच गेममध्ये बराच वेळ कृष्णधवल पाहत बसायचं, ही तक्रार खूप झाली. शिवाय इराकमधली एक मोहीम तर सरळसरळ गोळीबाराची. गोष्टीला हे शोभतं म्हणा: सॅमने सरकारी चाकरी सोडलीय, मुलगी मारली गेली या समजुतीने तो पेटलाय. पेटलेला माणूस कुलूप कशाला चाचपडेल?

एक गोष्ट मात्र अवघड करून ठेवली. कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायचं तरी इंटरनेट सतत चालू हवं, अशी युबीसॉफ्टची तेव्हा अट होती. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत, लाईटीसोबत मोडेमही मान टाकायचा अशा मराठवाड्यात, अंधाराचा हा गेम नेमका अंधारात चालेना.

ऑगस्ट 2013 च्या 'ब्लॅकलिस्ट' या पुढच्या भागात युबीसॉफ्टच्या टोरोंटो स्टुडिओने माणूस उचलणं परत आणलं, न मारता खेळायची वाटही मोकळी केली. खूण करून मारणं तसंच राहिलं, आयर्नसाइडचा आवाज मात्र गेला. पट्टी काही परत आली नाही. सॅमच्या अंगावर एक बारीक हिरवा दिवा आला. तो पेटला की समजायचं, आपण अंधारात आहोत.